गारवा लपायच्या जागेत न्या: विदर्भातल्या उन्हाळ्यात गिनीपिग आणि हॅम्स्टर

प्रश्न असा आहे: अकोला, वरचा मजला, स्लॅबचं घर. दोन गिनीपिग आणि एक सीरियन हॅम्स्टर. सकाळी ९ ते संध्याकाळी ६ घरी कोणी नसतं. एसी नाही, कूलर हॉलमध्ये आहे. पिंजऱ्यावर पंखा फुल सोडलेला असतो, पिंजऱ्याच्या मधोमध गार फरशी आणि बर्फाची बाटली ठेवलेली असते. तरी गिनीपिग आपल्या प्लास्टिकच्या घरातच बसून धापा टाकतात, आणि हॅम्स्टर दिवसभर हलत नाही. पारा ४४ वर. काय चुकतंय?

आधी तातडीचं. गिनीपिग धापा टाकतंय म्हणजे त्याची सहनशक्ती संपत आली आहे. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि त्यातून थंड होतो. गिनीपिगला ते नीट साधत नाही, आणि अंगभर घाम येण्याची सोयही त्याला नाही. कानांतून आणि पावलांतून जेवढी उष्णता जाईल तेवढी जाते, आणि फारच झालं की ते लाळ गाळतं, अंगाला फासतं. म्हणून हनुवटी आणि गळा ओला दिसला, कान हाताला गरम लागले, जनावर पाय फाकून जमिनीला चिकटून पडलं, तर वाट पाहू नका. चालताना झोकांडी जाणं, हाक मारल्यावर किंवा पिशवीचा आवाज आल्यावरही मान न उचलणं, हिरड्या निळसर किंवा गडद लाल होणं, ही त्यापुढची पायरी. झटके आले तर वेळ मिनिटांत मोजायची.

अशा वेळी जनावर उचलून घरातल्या सर्वांत गार खोलीत, जमिनीवर आणा. सुती फडकं पाण्यात भिजवून कान, चारही पावलं आणि पोट ओलं करा. पाणी माठातलं घ्या. गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी मे महिन्यात दुपारी इतकं तापलेलं असतं की त्याने उपकाराऐवजी अपकारच व्हायचा. बर्फाचं पाणीही नको: एकदम गारठा लागला की कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि आतली उष्णता आतच कोंडते. अंग ओलं केल्यावर मात्र हळू पंखा लावायचा. ओल्या अंगावरच वाऱ्याचा उपयोग होतो. गिनीपिगचं नेहमीचं तापमान ३७.२ ते ३९.५ अंश असतं. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल लावून गुदद्वारात सेंटिमीटरभर घालून मोजता येत असेल तर ३९.५ आल्यावर ओलं करणं थांबवा, नाहीतर ते उलट गारठून जातं. मोजता येत नसेल तर श्वास संथ झाला की थांबा. हॅम्स्टरला असं भिजवू नका, फक्त ओल्या बोटाने कान आणि पावलं पुसा. पाणी पाजायचं तर जनावर शुद्धीत असेल आणि स्वतः चाटत असेल तरच, ओठाला एकेक थेंब. सिरिंजने घशात ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं. आणि फ्रिजमध्ये ठेवण्याचा विचार मनातही आणू नका, लोक ते करतात म्हणून लिहावं लागतं.

तोंडावाटे माणसांची औषधं देऊ नका. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, कारण हा ताप नव्हे. बाहेरून चढलेली उष्णता आहे. घरात पडलेलं अमॉक्सिसिलीन तर गिनीपिग आणि हॅम्स्टर दोघांनाही जिवावरचं ठरू शकतं, त्याने आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात. जनावर सावरलं तरी डॉक्टरांना दाखवाच. मूत्रपिंड आणि आतड्याला झालेली इजा एक-दोन दिवसांनी वर येते. गिनीपिगने अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही आणि लेंड्या थांबल्या, तर त्याचं आतडं बंद पडत चाललंय असं समजा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी येतात, तेव्हा गिनीपिग कोण बघतं हे संकटाच्या आधी फोन करून विचारून ठेवा. तुमच्या अकोल्यात पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्थाच आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येईल. नेताना डबा बंद नको. हवेशीर टोपली, तिच्या एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, आणि दुपारी रिक्षापेक्षा एसी गाडी मिळाली तर तीच.

आता मूळ प्रश्न. तुम्ही सामान बरोबर आणलं आहे, मांडलं मात्र चुकीच्या ठिकाणी. गिनीपिग ही शिकार होणारी जात. उघड्यावर गारव्यात बसायचं की लपून उकडत बसायचं, असा प्रश्न आला की ते लपून बसतं, आणि तिथेच मरतंही. पिंजऱ्याच्या मधोमध ठेवलेली फरशी त्याच्या लेखी भर चौकात टाकलेली खाट आहे. त्यावर ते रात्री, घर शांत झाल्यावर बसेल; दुपारी २ वाजता, वर पंखा घोंघावत असताना बसणार नाही. आणि ते ज्या प्लास्टिकच्या घरात बसतं ते म्हणजे पालथी घातलेली बादली: एकच दार, वर छप्पर, आत दोन जनावरांची ऊब आणि ओल. खोलीत ३५ असेल तर त्या घरात त्याहून जास्तच असणार. ते घर आजच काढा. पण नुसतं काढून मोकळं होऊ नका. लपायला जागा नसलेलं गिनीपिग घाबरून कोपऱ्यात थरथरत बसतं. त्याच्या बदल्यात गार बीळ द्या.

ते विटांचं करा. अकोल्यात लाल विटा कुठेही मिळतात. चार चांगल्या भाजलेल्या, न फुटलेल्या विटा धुऊन बादलीत रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी काढून वीस मिनिटं निथळू द्या, ठिबक थांबली पाहिजे. पिंजऱ्याच्या भिंतीलगत दीड फूट लांब आणि फूटभर रुंद शहाबादी फरशी अंथरा, जाडी साधारण दोन सेंटिमीटर. फरशीच्या दोन आखूड कडांवर विटा आडव्या, एकावर एक अशा दोन-दोन रचा. दोन थरांची उंची सहा इंच होते, ती मोठ्या गिनीपिगलाही पुरते. विटा उभ्या रचू नका, धक्का लागला की पडतात. मध्ये जो बोळ तयार होतो त्याची दोन्ही टोकं उघडी ठेवा, म्हणजे एकाने दुसऱ्याला आत कोंडलं असं होत नाही. वर चार-पाच बांबूच्या कामट्या आडव्या टाकून त्यावर ओलं, घट्ट पिळलेलं सुती कापड दुहेरी घालून टाका. गोणपाटही चालतं, पण त्याचे धागे लोंबू देऊ नका; गिनीपिग ते चावतात आणि पायात गुंता होतो. बोळात फरशीवर एक कोरडा कापडाचा तुकडा किंवा वर्तमानपत्राचे दोन पदर. अंग कोरडं आणि आजूबाजूची हवा गार, असं हवं. तळ ओला राहिला तर चार दिवसांत तळपाय लाल होतात, मग सोलवटतात, आणि ती जखम भरायला महिने जातात. दोन गिनीपिग असल्याने असे दोन बोळ करा.

विटच का, बर्फ का नाही, याचा हिशेब एकदा डोळ्यांखालून घाला. अर्ध्या लिटरच्या बाटलीतला बर्फ वितळताना साधारण १६७ किलोजूल उष्णता शोषतो. एक टनी एसी तेवढी उष्णता पाऊण मिनिटात खोलीबाहेर काढतो, म्हणजे बाटलीने खोली गार होईल ही आशा सोडायची. बाटली फक्त तिला टेकून बसलेल्या जनावराच्या उपयोगाची. उलट तीन किलोची वीट भिजल्यावर अर्धा लिटरपर्यंत पाणी धरते, आणि ते अर्धा लिटर पाणी वाळताना बाराशे किलोजूलच्या आसपास उष्णता ओढून घेतं. बाटलीच्या सातपट. ती सगळी जनावराच्या अंगातून जाते असं नाही, बरीचशी हवेतून जाते, पण विटा ओल्या आहेत तोवर बोळाच्या भिंती खोलीपेक्षा काही अंशांनी गार राहतात. माठाचं पाणी गार होतं तेच इथे होतं. अट एकच, हवा कोरडी हवी. अकोल्यात एप्रिल-मे मध्ये ती असतेच.

बाटली टाकून देऊ नका. चारातले तीन भाग भरून गोठवा, पाणी गोठताना फुगतं म्हणून वर जागा सोडायची. जुन्या मोज्यात घालून ती बोळाच्या बाहेरच्या तोंडाशी आडवी ठेवा, म्हणजे आत जाणारी हवा तिच्यावरून जाईल, आणि जनावराला टेकायचं तर टेकता येईल. अशा चार बाटल्या ठेवा, दोन पिंजऱ्यात, दोन फ्रीझरमध्ये. ३५ अंशांच्या खोलीत एक बाटली तीन-चार तासांत पाणी होते, तेव्हा सकाळी ९ला ठेवलेली दुपारी १ नंतर नुसतं वजन उरते. दुपारी कोणी येऊन बदलणारं नसेल तर बाटलीवर विसंबू नका, विटांवर आणि कूलरवर विसंबा.

पंख्याबद्दल थोडं स्पष्टच. पंखा हवा गार करत नाही, फक्त हलवतो. आपल्याला घाम येतो म्हणून वाऱ्याने गार वाटतं. कोरड्या केसांच्या जनावराला त्याचा लाभ फारच थोडा, आणि खोलीतली हवा ३८-३९ अंशांवर गेली की पंखा त्याच्या अंगावर उष्णताच फेकत असतो. भट्टीच्या भात्यासारखं. शिवाय सतत अंगावर येणाऱ्या वाऱ्याने डोळे कोरडे पडतात, आणि आवाजाने ते आणखी आत दडतात. पंखा हवाच असेल तर ओल्या विटांच्या बाहेरच्या अंगावरून तिरका जाऊ द्या. तिथे तो पाणी लवकर वाळवतो, म्हणजे खरं काम करतो.

खोलीचा गारवा कूलरच देणार. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर चांगल्या ताट्यांच्या कूलरच्या तोंडाशी हवा २८-२९ला येते, खोली ३०-३१ला राहते. गिनीपिगला १८ ते २४ अंश आवडतात आणि २७-२८ नंतर त्रास सुरू होतो. म्हणजे एकट्या कूलरने भागत नाही, पण कूलर अधिक गार बीळ असं केलं की निभतं. त्यासाठी काही गोष्टी नीट हव्यात. कूलर खिडकीत बसवा, त्याने बाहेरची कोरडी हवा ओढली पाहिजे. खोलीत आत ठेवून दारं लावली तर तो तीच ओली हवा फिरवत बसतो, तासाभरात खोली दमट होते आणि गारवा संपतो. समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी वीतभर उघडी ठेवा. पिंजरे हॉलमध्ये, जमिनीवर, कूलरच्या झोतातून बाजूला, सहा-सात फूट दूर. टेबलावर किंवा कपाटावर नको, गरम हवा वर जाते आणि वरच्या मजल्याच्या छताखाली ती साचते. वुडवूलच्या किंवा वाळ्याच्या ताट्या दरवर्षी नव्या घाला. गेल्या वर्षीच्या ताट्यांवरची बुरशी तुम्ही आठवडाभर हुंगाल, पिंजऱ्यातली जनावरं चोवीस तास. कूलरच्या पाण्यात अत्तर, फिनेल, कापूर असलं काही टाकायचं नाही.

आणि टाकी. कडक उन्हात मोठा लोखंडी कूलर तासाला सहा-आठ लिटर पाणी सहज पितो. ५० लिटरची टाकी सकाळी ९ला भरली तर दुपारी ३ ते ५च्या सुमारास कोरडी. त्यानंतर कूलर म्हणजे लू आत आणणारा पंखा, आणि पंपही जळतो. दिवसभर घरी कोणी नसतं, तेव्हा टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी भरलं की आपोआप बंद होणारा तरंगत्या गोळ्याचा नळ, बसवून तो उंचावर ठेवलेल्या ड्रमला जोडा. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येत असेल तरी १०० लिटरचा ड्रम एका दिवसाचं काम भागवतो. उन्हाळ्यात जनावरांवर खर्च करायचा असेल तर पहिले पैसे या व्हॉल्व्हवर आणि दोनशे-चारशे रुपयांच्या तापमान-आर्द्रता मापकावर घाला. मापक भिंतीला टांगू नका, पिंजऱ्यात जनावराच्या उंचीवर ठेवा. मत्स्यटाकीसाठी मिळतो तो वायरचा थर्मामीटर त्याहून चांगला, त्याचं टोक थेट बोळात किंवा हॅम्स्टरच्या घरट्यात सोडता येतं. आर्द्रता ७०च्या वर गेली तर खिडकी आणखी उघडा किंवा पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा.

वीज जाणार हे धरून चाला. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या इन्व्हर्टर बॅटरीतून प्रत्यक्षात हजार-अकराशे वॉट-अवर मिळाले तरी पुष्कळ. १८० वॉटचा कूलर त्यावर सहा तासांच्या आसपास निघतो, बाकी काही चालू नसेल तर. म्हणून घर सोडताना टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, इतर पंखे बंद. लाइन गेली तरी भिजलेली वीट आपलं काम करत राहते, तिची खरी किंमत त्या वेळी कळते.

वरच्या मजल्याचं दुखणं वेगळं. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता खाली उतरायला काही तास लागतात, त्यामुळे खोली बाहेरपेक्षा उशिरा तापते: संध्याकाळी ६ ते रात्री ९. तुम्ही घरी येता, ऊन उतरलेलं असतं, आणि कूलर बंद करून खिडक्या उघडता. नेमक्या त्या वेळी जनावराला सर्वांत जास्त त्रास. कूलर रात्री १०-११ पर्यंत चालू ठेवा, बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गार झाली की मगच खिडक्या उघडा, आणि सकाळी ८च्या आत बंद करा. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून हिरवी शेडनेट किंवा ओला गोणपाट. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यानंतर अडवतो, तोवर उशीर झालेला असतो. गच्चीवर चुना मारा. आणि खरं सांगायचं तर, नवतपाच्या दिवसांत, म्हणजे २५ मेच्या पुढे, तळमजल्यावरच्या शेजाऱ्याकडे पिंजरा ठेवता आला तर वरची सगळी खटपट अर्धी होते. त्यात कमीपणा कसला.

हॅम्स्टरकडे येऊ. दिवसा न हलणं हा त्याचा स्वभावच आहे, ते रात्री जागतं. झोपलेलं हॅम्स्टर घरट्यात गोळा होऊन पडतं, श्वास संथ. उकाडा बाधलेलं हॅम्स्टर घरट्याबाहेर, पोट जमिनीला टेकून, पाय पसरून पडतं, हनुवटी ओली असते, हात लावला तरी दचकत नाही. पहिलं असेल तर झोपू द्या. हे ‘वाळवंटातलं जनावर, त्याला ऊन सोसतं’ असं दुकानदार सांगतात. सीरियन हॅम्स्टर मूळचं अलेप्पोच्या आसपासचं हे खरं, पण तिथे ते ऊन सोसत नाही, टाळतं. जमिनीखाली अर्धा-पाऊण मीटर खोल बिळात दुपार काढतं आणि ऊन कलल्यावर वर येतं. पिंजऱ्यात आपण त्याचं खोल बीळ काढून घेतो आणि वर काचेची टाकी देतो.

काचेची टाकी किंवा प्लास्टिकचा डबा असेल तर झाकण जाळीचं हवं, नाहीतर आत हवाच फिरत नाही. कोरड्या हवेत एक साधा उपाय उत्तम चालतो: टाकीच्या दोन बाजूंना बाहेरून ओलं कापड चिकटवा, वरून पट्टीसारखं सोडून त्याचं खालचं टोक पाण्याच्या ताटलीत बुडवा. ताटली टाकीबाहेर. कापड पाणी ओढत राहतं, काच गार राहते, आत एक थेंबही ओल जात नाही. सगळ्या बाजू झाकू नका, हॅम्स्टरला ऊबदार कोपरा निवडायची मुभा राहू द्या. भुशाबद्दल लोक दोन टोकं गाठतात: काही सगळा काढून टाकतात, काही हिवाळ्याइतकाच ठेवतात. गार भिंतीच्या बाजूला वीतभर खोल ठेवा आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटं, मग ते स्वतः ठरवतं. घरट्यासाठी कापूस किंवा ‘फ्लफ’ (दुकानात मिळणारा कापसासारखा पिंजलेला धागा) घातला असेल तर काढा. उकाड्याची गोष्ट सोडाच, त्याचे धागे पायाला आवळतात आणि गिळले तर आतडं तुंबतं. साधा टिश्यू पेपर फाडून द्या. प्लास्टिकच्या घराऐवजी पाच-सहा इंचांची न रंगवलेली मातीची कुंडी आडवी करून अर्धी भुशात पुरा. ही कोरडीच ठेवायची, भिजवून भुशात पुरली तर बुरशी धरते. ऑइलपेंट मारलेली कुंडी नको. हॅम्स्टर प्लास्टिकची बाटली कुरतडतं, म्हणून बर्फासाठी क्लिपच्या झाकणाचा छोटा स्टीलचा डबा घ्या, दोन बोटं रिकामा ठेवून गोठवा, फडक्यात गुंडाळा आणि कुंडीला टेकवून ठेवा. रात्री चाक फिरवू द्या. गोल बंद चेंडूत सोडून फिरवणं मात्र उन्हाळ्यात पूर्ण बंद.

पाणी. गिनीपिगला दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरच्या आसपास लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. हॅम्स्टरला १० ते १५ मिलिलिटर. टांगायच्या बाटल्यांची एक खोड आहे जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. खोली तापली की बाटलीतली हवा फुगते आणि पाणी नळीतून ठिबकत राहतं. संध्याकाळी बाटली रिकामी दिसते, तुम्हाला वाटतं खूप प्यायले, प्रत्यक्षात भुसा प्यायला. बाटली काठोकाठ भरा, हवेला जागा कमी राहिली की ठिबक कमी होते. नळीतला छर्रा अडकतो तोही रोज बोटाने दाबून बघा. गिनीपिगला बाटलीशिवाय एक जड मातीचं परळही ठेवा. ते त्यात लेंड्या करतील, करू देत, दोनदा बदला. पाण्यात साखर-मीठ किंवा क जीवनसत्त्वाचे थेंब घालू नका. चव बदलली की पाणी कमी पितात, आणि ते जीवनसत्त्व उजेडात आणि उष्णतेत पाण्यात टिकतही नाही. गिनीपिग ते अंगात तयार करू शकत नाही, त्यामुळे रोज ढोबळी मिरचीचा एक मोठा तुकडा आणि मूठभर कोथिंबीर हवीच. पेलेट्सची (तयार दाणेदार खाद्याची) पिशवीही गार जागी, घट्ट बंद ठेवा.

उन्हाळ्यातला सर्वांत चांगला खाऊ म्हणजे ओली हरळी. देवासाठी विकत आणता त्याच दूर्वा, धुऊन, निथळून, जुडीच्या जुडी. काकडी द्या, पण गिनीपिगला दोन-तीन चकत्या आणि हॅम्स्टरला बोटाच्या पेराएवढा तुकडा. पोट बिघडलं तर अंगातलं पाणी आणखी जातं. कलिंगड त्याहून कमी. ४० अंशांत चिरलेली भाजी दोन तासांत आंबते, तेव्हा सकाळी निघताना द्यायची तर अख्ख्या दूर्वाच. हॅम्स्टर खाणं गालात भरून घरट्यात साठवतं, तिथला कोठार रोज उकरून बघा.

मुतारीचा कोपरा रोज साफ झाला पाहिजे, उष्णतेत अमोनिया लवकर सुटतो आणि तुम्हाला वास येण्याच्या आधी तो त्यांच्या नाकापर्यंत पोचलेला असतो. लांब केसांच्या गिनीपिगचे मागचे केस दोन सेंटिमीटर ठेवून कापा, आणि सकाळ-संध्याकाळ उचलून गुदद्वाराभोवती बघा. तिथे ओल किंवा लेंडी चिकटली की माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. मुंग्या आल्या तर मुंग्यांचा खडू किंवा फवारा नको. पिंजरा चार विटांवर ठेवून विटा पाण्याच्या ताटल्यांत ठेवा. रोज किचनच्या काट्यावर वजन करा. किलोच्या गिनीपिगचं चार दिवसांत पन्नास ग्रॅम उतरलं तर लक्ष द्या, शंभर उतरलं तर डॉक्टर.

गाभण, म्हातारी आणि लठ्ठ जनावरं याहून कमी उकाड्यातच हात टेकतात. आणि चिंचिला, म्हणजे अतिशय दाट केसांचा ससुल्यासारखा कुरतडणारा प्राणी, असेल तर वरचं काहीच पुरत नाही. त्याला २५च्या खाली ठेवणारा एसीच हवा, नसेल तर ते जनावर विदर्भात आणू नये.

मुंबई, कोकण, गोव्यातल्या वाचकांनी मात्र विटांच्या वाटेला जाऊ नये. तिथे ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत कूलर फार तर ३० अंशांपर्यंत आणतो, आणि हवा इतकी दमट करतो की जनावराचा त्रास वाढतो. ओलं कापड वाळतच नाही, कुजतं. तिकडे एसी २५-२६वर किंवा ड्राय मोडवर, झोत पिंजऱ्यावर न सोडता. आणि लपायच्या जागेत कोरडी, फ्रिजमध्ये गार केलेली फरशी, जी ओलावा न देता फक्त उष्णता ओढते. एका फरशीचा गारवा अर्धा-पाऊण तास टिकतो, दोन आलटून पालटून ठेवायच्या.

तुमच्याकडेही ही वेळ येतेच. मृगाच्या आधी ढग दाटायला लागतात, पारा ४०च्या खाली उतरतो आणि उकाडा वाढल्यासारखा वाटतो, कारण बाहेरच्या हवेतली आर्द्रता एकदम वाढलेली असते. त्या दिवशी विटा आणि ओली कापडं काढून गच्चीवर वाळत टाका आणि कूलरचा पंप बंद करा. त्यानंतर आठवडाभर गिनीपिगच्या नाकाभोवती आणि कानांच्या कडेला केस गळालेले गोल, खपली धरलेले चट्टे दिसतात का ते बघा. ते गजकर्ण असतं, माणसालाही लागतं, तेव्हा हातमोजे घालून हाताळा.